दुसऱ्यांच्या अंगणातली रात्र : बुडापेस्टच्या बारविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच शहराविषयी होती आणि त्यांतलीही बहुतेक त्या शहराच्या रात्रींविषयी. ते शहर म्हणजे हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. मी तिथे चार वर्षे राहिले आणि नंतरही संधी मिळेल तेव्हा जात राहिले, त्यामुळे ही पत्रे वाचताना फार आनंद झाला. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतल्या सहा प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : बुडापेस्टला जाऊन आलेला प्रत्येक जण ‘रुइन बार’ पाहिला असे कौतुकाने सांगतो. पडक्या घरात बसून बिअर पिण्यात एवढे काय आहे, हे आम्हाला कळलेले नाही. आम्ही चौघे मित्र जाणार आहोत आणि आमच्या हाताशी तीनच रात्री आहेत. त्यांतली एक तिथे घालवावी का?

उत्तर : एक अख्खी रात्र घालवू नका, पण एक संध्याकाळ मात्र नक्की द्या. ती शनिवारची नसावी. कारण सांगण्याआधी हे बार मुळात कसे जन्माला आले ते सांगायला हवे, कारण ते ठाऊक नसेल तर तिथे खरोखरच मोडके सामान आणि गर्दी याखेरीज काही दिसत नाही.

स्थानिक लोक या जागांना ‘रोमकोच्मा’ म्हणतात. ‘रोम’ म्हणजे भग्नावशेष आणि ‘कोच्मा’ म्हणजे आपल्या भाषेत सरळ सांगायचे तर गुत्ता. यांतल्या बहुतेक जागा पेस्टच्या बाजूला (डॅन्यूब नदीच्या पूर्वेचे ते पेस्ट, पश्चिमेचे ते बुडा), शहराच्या सातव्या जिल्ह्यात, म्हणजे एर्झेबेतवारोश या भागात आहेत. (बुडापेस्टच्या पिनकोडमधले मधले दोन आकडे जिल्ह्याचा क्रमांक सांगतात. पत्त्यात १०७५ असे दिसले की जागा सातव्या जिल्ह्यात आहे हे नकाशा न उघडताही कळते.) या भागातली जुनी घरे एकाच धाटणीची आहेत. रस्त्याकडून एक मोठा दरवाजा, आत गेले की मोकळा चौक, त्याच्या चारही बाजूंना तीन-चार मजले, आणि प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याची सलग गॅलरी, जिच्यावर सगळ्या बिऱ्हाडांची दारे उघडतात. या गॅलरीला तिथे ‘गांग’ म्हणतात. चाळीत वाढलेल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

हा भाग शहरातल्या ज्यू लोकांचा. युरोपातले सर्वांत मोठे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, इथेच, दोहान्य रस्त्यावर आहे. ते १८५९ मध्ये बांधून पूर्ण झाले. १९४४ च्या अखेरीस याच गल्ल्यांभोवती कुंपण घालून हजारो ज्यू माणसांना आत कोंडण्यात आले आणि जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य पोहोचेपर्यंत उपासमारीने, थंडीने आणि गोळ्यांनी माणसे मरत राहिली. युद्धानंतर अनेक घरांत परतायला माणसेच उरली नव्हती. पुढे घरे सरकारच्या ताब्यात गेली, दुरुस्तीवाचून दशके उलटली, आणि १९८९ नंतर साम्यवादी राजवट बदलली तेव्हा यांतल्या कित्येक इमारती रिकाम्या पडून पाडकामाची किंवा गिऱ्हाइकाची वाट पाहत होत्या. या शतकाच्या सुरुवातीला काही तरुणांनी असे रिकामे चौक स्वस्त भाड्याने घेतले. नवे सामान आणायला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी टाकून दिलेल्या खुर्च्या, शिवणयंत्रे, दिवे, न्हाणीघरातली टबे उचलून आणली आणि एका बाजूला बिअरचा नळ बसवला. कित्येक जागा एक-दोन उन्हाळे चालायच्या, मग इमारत पाडली जायची आणि सगळे बिऱ्हाड पुढच्या चौकात हलायचे. म्हणजे आज जी सजावट वाटते ती मुळात नड होती.

या जागांतली पहिली आणि आजही सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘सिंप्ला केर्त’. तिची सुरुवात २००२ मध्ये दुसऱ्या रस्त्यावर झाली आणि २००४ पासून ती काझिन्त्सी रस्त्यावरच्या १४ क्रमांकाच्या इमारतीत आहे. तिथे पूर्वी शेगड्यांचा कारखाना होता. चौकात एक जुनी त्राबान्त मोटार वरून कापून बसायला ठेवली आहे, मध्ये चिरलेल्या टबाचा कोच झाला आहे, आणि जुन्या संगणकांचे पडदे भिंतींवर लुकलुकत असतात. शनिवारी रात्री अकरा वाजता गेलात तर दारात रांग आणि आत धक्काबुक्की मिळेल, आणि तुमच्या पत्रातली शंका खरी ठरेल. त्याऐवजी मंगळवारी किंवा बुधवारी सहाच्या सुमारास जा. तेव्हा वरच्या मजल्यावर गांगला लागून असलेल्या खोल्या रिकाम्या असतात. एखाद्या खोलीत बसा आणि भिंतीवर रंगांचे जे पापुद्रे निघालेले दिसतात ते नीट पाहा. खाली फिकट हिरवा, त्यावर पिवळा, त्यावर पुन्हा हिरवा, आणि दाराच्या चौकटीपाशी खिळा काढल्याची खूण. ती कोणाची तरी राहती खोली होती, हे तिथे बसल्यावर कळते.

सिंप्लाची मला सर्वांत आवडणारी वेळ मात्र रविवार सकाळची आहे. त्या दिवशी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. रात्री जिथे पेले ठेवायला जागा नसते त्या टेबलांवर चीजच्या चकत्या, मध, लोणची आणि मिरचीच्या माळा असतात, आणि आसपासच्या घरांतल्या आजीबाई चाकांच्या पिशव्या ओढत भाजी घ्यायला येतात. तिथून बाहेर पडून त्याच रस्त्याने चार पावले गेलात की १९१३ मध्ये बांधलेले ऑर्थोडॉक्स सिनेगॉग लागते. तेही पाहून घ्या. उन्हाळ्यात गेलात तर त्याच रस्त्यावर ‘कोलेवेश केर्त’ ही बाग आहे, झाडाखाली झोपाळे टांगलेली आणि सिंप्लापेक्षा पुष्कळ शांत. किराय आणि दोब या दोन रस्त्यांना जोडणारा ‘गोझ्दु उद्वार’ हा चौकांचा बोळ सगळे मार्गदर्शक दाखवतात. त्यातून एकदा चालत जायला हरकत नाही, पण बसण्यासाठी मी तो कधी निवडत नाही.

प्रश्न : आम्हाला बसून गप्पा मारायच्या नाहीत, नाचायचे आहे आणि चांगले संगीत ऐकायचे आहे. बुडापेस्टमधले कोणते क्लब खरोखर चांगले आहेत? गरम पाण्याच्या कुंडांत रात्री पार्टी असते असे ऐकले, ती कशी असते?

उत्तर : एकाच जागी जाता येणार असेल तर ‘आ-३८’ वर जा. हे जहाज आहे. युक्रेनमधून आलेले, दगड वाहून नेणारे ‘आर्त्योमोव्स्क ३८’ नावाचे हे मालवाहू जहाज डॅन्यूब नदीत, बुडाच्या काठाला, पेतोफी पुलाजवळ कायमचे नांगरून ठेवले आहे आणि २००३ पासून तिथे संगीताचे कार्यक्रम होतात. जिथे पूर्वी दगड भरत त्या तळातल्या पोकळीतच सभागृह आहे. पाण्याच्या पातळीखाली उभे राहून संगीत ऐकताना भोवतीच्या लोखंडी भिंतींमुळे ढोलाचा ठोका आधी तळपायांना आणि मग कानांना जाणवतो. इथे कधी जॅझ असते, कधी मेटल, कधी बाल्कन देशांतल्या पितळी वाद्यांचा ताफा. म्हणून जाण्याआधी कार्यक्रम पाहून घ्या आणि तिकीट आधीच काढा. मध्यंतरात वर डेकवर या. समोर पेस्टचा काठ आणि पुलावरून जाणाऱ्या पिवळ्या ट्राम दिसतात.

दुसरी जागा शहराच्या अगदी मध्यात, एर्झेबेत चौकात आहे आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. या चौकात राष्ट्रीय नाट्यगृह बांधायला घेतले होते. पायासाठी प्रचंड खड्डा खणून झाला आणि १९९८ मध्ये सरकार बदलून काम थांबवण्यात आले. नाट्यगृह शेवटी दुसरीकडे, नदीकाठी उभे राहिले आणि २००२ मध्ये सुरू झाले. इकडे शहराच्या मधोमध राहिला तो खड्डा, ज्याला लोक ‘राष्ट्रीय खड्डा’ म्हणू लागले. पुढे त्यात वाहनतळ आणि सांस्कृतिक केंद्र झाले, आणि आता तिथे ‘अक्वारियुम’ हा क्लब आहे. त्याच्या छताचा काही भाग काचेचा असून त्यावर उथळ तळे आहे, म्हणजे तुम्ही पाण्याखाली असता. उन्हाळ्याच्या रात्री तळ्याच्या काठावर तरुण मंडळी पाय सोडून बसलेली असतात. तिकीट न काढता नुसते तिथे बसलात तरी शहराची रात्र पुष्कळ कळते.

पहाटेपर्यंत नाचायचे असेल तर अकात्सफा रस्त्यावरचे ‘इन्स्टंट-फोगाश’ हे संकुल आहे. तिथे नाचायच्या अनेक जागा असून एकीकडचे संगीत आवडले नाही तर जिना चढून दुसरीकडे जाता येते. गर्दी मात्र बहुतांश परदेशी पाहुण्यांची असते.

कुंडातल्या पार्ट्या सेचेन्यी स्नानगृहात होतात. मी एकदा गेले होते आणि पुन्हा जाणार नाही. तिकीट महाग, पाण्यात दाटीवाटी, आणि दिव्यांच्या झगमगाटात १९१३ मधली ती सुंदर पिवळी इमारत दिसतसुद्धा नाही. त्यापेक्षा रात्रभर नाचून झाल्यावर सकाळी तिथे जा. थंडीच्या दिवसांत पाण्यावर वाफ असते आणि छातीपर्यंत गरम पाण्यात उभे राहून म्हातारे गृहस्थ बुद्धिबळ खेळत असतात. दमलेल्या पायांनाही त्या पाण्याने फार बरे वाटते.

प्रश्न : आम्ही दोघे साठीच्या पुढचे आहोत. आम्हाला वाइन आवडते, संगीत आवडते, पण कर्कश आवाज आणि उभे राहणे जमत नाही. आमच्यासाठी या शहराच्या रात्रीत काही आहे का?

उत्तर : तुमच्यासाठी जेवढे आहे तेवढे तरुणांसाठी नाही, असे मला मनापासून वाटते.

आधी दोन शब्द शिकून घ्या. हंगेरियनमध्ये ‘बोर’ म्हणजे वाइन आणि ‘शोर’ म्हणजे बिअर. यांतले एखादे अक्षर चुकले की भलताच पेला समोर येतो. आणि तिसरा शब्द ‘फ्रोच’. वाइनमध्ये सोडा घालून पिण्याची ही पद्धत हंगेरीत इतकी रुजली आहे की प्रत्येक प्रमाणाला वेगळे नाव आहे. एक डेसिलिटर वाइन आणि तेवढाच सोडा म्हणजे ‘किशफ्रोच’, लहान फ्रोच. दोन भाग वाइन आणि एक भाग सोडा म्हणजे ‘नाजफ्रोच’, मोठा. उलट एक भाग वाइन आणि दोन भाग सोडा असेल तर ‘होसूलेपेश’, म्हणजे लांब पाऊल. आणि तीन भाग वाइनला दोन भाग सोडा म्हणजे ‘हाझमेश्तेर’. हाझमेश्तेर हा जुन्या इमारतींचा रखवालदार. रात्री उशिरा येणाऱ्या बिऱ्हाडकरूंना दार उघडून देणे हे त्याचे काम. सोडा तयार करण्याचे यंत्र येदलिक आन्योश या बेनेडिक्टाइन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८२६ मध्ये बनवले आणि ‘फ्रोच’ हा शब्द कवी वोरोश्मार्ती मिहाय यांनी १८४२ मध्ये फोत या गावी द्राक्षमळ्यातल्या मेजवानीत सुचवला, असे सांगतात. शक्य असेल तिथे बाटलीतला सोडा न मागता दाबाच्या काचेच्या सुरईतला मागा. काउंटरवरची बाई पेला तिरका धरून आधी वाइन ओतते, मग सुरईची कळ दाबते, आणि फेस काठापर्यंत येऊन बरोबर तिथेच थांबतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी दोन होसूलेपेश घेऊनही माणूस सरळ चालत घरी जातो.

आता जागा. बुडाच्या बाजूला, मार्गित पुलापासून थोड्याच अंतरावर, फ्रांकेल लेओ रस्त्यावर ‘बाम्बी’ नावाचा ‘प्रेसो’ आहे. प्रेसो म्हणजे समाजवादी काळातली कॉफी-दारूची छोटी दुकाने. बाम्बी १९६१ मधला आहे. त्या काळातल्या एका शीतपेयावरून त्याचे नाव पडले आणि त्याच्या लाल रेक्झिनच्या बाकांमुळे तो ओळखला जातो. मी राहत होते तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर रोज तेच चार आजोबा डोमिनो खेळत असत, आणि सोंगट्या आपटल्याचा खट्खट् आवाज हेच तिथले संगीत होते. ही जागा रात्री उशिराची नाही, संध्याकाळची आहे.

संगीतासाठी नवव्या जिल्ह्यातल्या मात्याश रस्त्यावरचा ‘ओपुश जॅझ क्लब’ पाहा. संगीत केंद्राच्या इमारतीत असल्यामुळे तिथे बसायला नीट टेबले आहेत, जेवण मिळते आणि वादन चालू असताना लोक बोलत नाहीत. तेराव्या जिल्ह्यात, होलान एर्नो रस्त्यावर, एका जुन्या चित्रपटगृहात ‘बुडापेस्ट जॅझ क्लब’ आहे. तोही तितकाच चांगला. उंचावरून शहर पाहायचे असेल तर आंद्राशी मार्गावरच्या ३९ क्रमांकाच्या इमारतीच्या, म्हणजे जुन्या ‘पारिझी’ दुकानाच्या, गच्चीवर बार आहे. लिफ्ट आहे. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा म्हणजे सेंट स्टीफन बॅसिलिका या मोठ्या चर्चचा घुमट उन्हातही दिसेल आणि दिव्यांतही.

प्रश्न : मी दारू पीत नाही आणि पूर्ण शाकाहारी आहे. कार्यालयातल्या सहकाऱ्यांबरोबर बुडापेस्टला जावे लागणार आहे आणि रोज रात्री ते बारमध्ये जाणार हे उघड आहे. मला तिथे अवघडल्यासारखे होईल का?

उत्तर : होणार नाही. कोणी आग्रहही करणार नाही. बहुतेक बारमध्ये घरगुती ‘लिमोनादे’ मिळते आणि ती बाटलीतली नसते. मोठ्या पेल्यात लिंबाच्या फोडी, पुदिना, कधी आले किंवा बेरी घालून देतात. ‘स्योर्प’ मागितलेत तर फळाचा किंवा फुलाचा गोड अर्क सोड्यात घालून मिळतो. त्यातला ‘बोद्झा’, म्हणजे एल्डर नावाच्या झुडपाच्या पांढऱ्या फुलांचा अर्क, अवश्य चाखा. पाण्याला ‘वीझ’ म्हणतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहायला हवे. बारमध्ये सर्वांत स्वस्त खाणे ‘झिरोश केन्येर’ असते. पावाचा जाड तुकडा, वर पांढरे लोण्यासारखे काही, त्यावर लाल कांद्याच्या चकत्या आणि पापरिका. दिसायला तो निरुपद्रवी असतो, पण ते लोणी नसून डुकराची चरबी असते. ‘पोगाचा’ नावाच्या खाऱ्या छोट्या पावांतही पुष्कळदा चरबी घालतात, आणि ज्याच्या नावात ‘तेपेर्तो’ हा शब्द आहे त्यात चरबीचे तळलेले तुकडेच असतात. ‘लांगोश’ हा आंबवलेल्या पिठाचा तळलेला मोठा पुरीसारखा प्रकार साय आणि किसलेले चीज घालून मिळतो. तो तुम्हाला चालेल, पण कशात तळला आहे ते विचारा. सिंप्लाच्या शेजारीच ‘कारावान’ हे गाड्यांचे खाण्याचे आवार आहे, तिथे मांसाशिवायचे पदार्थ सहज मिळतात.

आणि एक रात्र सहकाऱ्यांना तुम्ही न्या. हंगेरीत ‘तान्त्सहाझ’ नावाची चळवळ आहे. १९७२ मध्ये बुडापेस्टमधल्या काही तरुणांनी खेड्यांतली, विशेषतः आता रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातली लोकनृत्ये रंगमंचावरून खाली आणली आणि कोणीही येऊन नाचावे अशा बैठका सुरू केल्या. २०११ मध्ये युनेस्कोने वारसा जपण्याचे आदर्श उदाहरण म्हणून त्याची नोंद घेतली. अकराव्या जिल्ह्यातल्या ‘फोनो’ या संगीतगृहात अशा बैठका नियमित होतात. व्हायोलिन, मोठा बास आणि मध्ये सुराला ताल देणारे तीन तारांचे वाद्य, एवढ्यावर सगळी खोली हलते. पावले ठाऊक नसली तरी कोणी तरी हात धरून रांगेत ओढून घेते. बार तिथेही आहे, पण पेला हातात धरून नाचता येत नाही, त्यामुळे न पिणाऱ्याला वेगळे पडल्यासारखे वाटायला वावच राहत नाही.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी पहिल्यांदाच युरोपला जात आहोत. बुडापेस्टमध्ये रात्री उशिरा परतणे सुरक्षित आहे का? फसवणुकीचे प्रकार होतात असेही वाचले. शिवाय पैसे आणि बक्षिसी यांची पद्धत सांगाल का?

उत्तर : मी तिथे एकटीने रात्री दोन-दोन वाजता घरी गेले आहे आणि मला भीती वाटली नाही. तरी परतीची वाट बाहेर पडण्याआधी ठरलेली असावी. भुयारी मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद होते, पण नाज्कोरूत या मोठ्या वर्तुळमार्गावरून जाणारी ६ क्रमांकाची ट्राम रात्रभर चालते. सातवा जिल्हा, मार्गित पूल आणि आ-३८ जहाजाजवळचा पेतोफी पूल, तिन्ही याच मार्गावर येतात. म्हणून राहण्याची जागा या ट्रामच्या जवळ असली की अर्धी काळजी मिटते. गाडीत माणसे असतात, उजेड असतो. तिकीट मात्र चढल्यावर लगेच यंत्रात छापून घ्या. टॅक्सी हवी असेल तर फोनवरच्या अॅपवरून बोलवा. शहरातल्या सगळ्या टॅक्सी पिवळ्या आहेत आणि त्यांचे दर ठरवून दिलेले आहेत. क्लबच्या दारात उभा राहून ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

फसवणुकीचा जो प्रकार तुम्ही वाचलात तो खरा आहे, पण त्याचे सावज बहुधा पुरुष असतात, म्हणून वरच्या पत्रातल्या चौघा मित्रांनीही हे वाचावे. मध्यवर्ती पर्यटन रस्त्यांवर दोन तरुणी पत्ता विचारतात, गप्पा मारतात आणि जवळच्या एखाद्या बारमध्ये चला म्हणतात. तिथे दरपत्रक दिसत नाही, आणि शेवटी येणारे बिल माणसाचे डोळे पांढरे करणारे असते. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याला दोघांच्या चार पेल्यांसाठी महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम कार्डाने भरावी लागली, कारण दारात दोन धिप्पाड माणसे उभी होती. जागा नेहमी तुम्हीच निवडा, दरपत्रक पाहिल्याशिवाय काही मागवू नका, आणि कोणी अडवले तर ११२ वर फोन करा. तुम्हा दोघींसाठी एवढेच, की पेला टेबलावर सोडून नाचायला जाऊ नका. एकीने बसावे, दुसरीने नाचावे.

हंगेरी युरोपीय संघात आहे, पण चलन युरो नसून फोरिंट आहे. कार्ड जवळपास सगळीकडे चालते. यंत्राने ‘तुमच्या चलनात की फोरिंटमध्ये’ असे विचारले तर फोरिंटच निवडा, नाहीतर दर महाग लागतो. बिलात ‘सेर्विझदीय’ असे लिहिले असेल तर सेवाशुल्क लावलेलेच आहे, वेगळी बक्षिसी लागत नाही. आणि एक गोष्ट विसरू नका. नोट देताना ‘कोसोनोम’, म्हणजे धन्यवाद, म्हटले तर त्याचा अर्थ ‘उरलेले पैसे तुम्ही ठेवा’ असा होतो. मी पहिल्याच आठवड्यात एका छोट्या फ्रोचसाठी मोठी नोट देऊन नम्रपणे ‘कोसोनोम’ म्हटले आणि सुट्या पैशांची बराच वेळ वाट पाहत उभी राहिले. सुटे हातात पडल्यावर आभार माना.

प्रश्न : हंगेरियन लोकांबरोबर बिअरचे पेले एकमेकांना टेकवू नयेत असे म्हणतात, ते खरे का? आणि आम्ही सातव्या जिल्ह्यातच, बारच्या अगदी जवळ, राहण्यासाठी घर घेण्याच्या विचारात आहोत. तो निर्णय बरोबर आहे का?

उत्तर : पेल्यांची गोष्ट अशी. ऑस्ट्रियाविरुद्धचा स्वातंत्र्यलढा मोडून काढल्यावर ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराद इथे हंगेरीच्या तेरा सेनानींना मृत्युदंड दिला गेला. त्या वेळी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे पेले टेकवून आनंद साजरा केला आणि म्हणून हंगेरियनांनी दीडशे वर्षे बिअरचे पेले न टेकवण्याची शपथ घेतली, अशी आख्यायिका आहे. मुदत १९९९ मध्ये संपली. तरुण मुले आता सर्रास टेकवतात, पण वयस्कर माणसांबरोबर बसलात तर बिअर टेकवू नका. वाइन आणि ‘पालिंका’ खुशाल टेकवा, आणि तसे करताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ‘एगेशेगेद्रे’ म्हणा. पालिंका ही केवळ फळांपासून गाळलेली दारू. कमीत कमी ३७.५ टक्के मद्यार्क असतो. ती घटकन गिळायची नसते. आधी वास घ्यायचा, जर्दाळू आहे की आलुबुखार ते ओळखायचे, मग घोट.

घराच्या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे, तिथे घेऊ नका. तुमच्या झोपेसाठीही आणि तिथल्या लोकांसाठीही. ज्या चौकांत बार आहेत त्यांच्या वर आणि शेजारी आजही माणसे राहतात, त्यांना सकाळी कामाला जायचे असते. रात्री बारानंतर बार बंद ठेवावेत का, या प्रश्नावर २०१८ मध्ये सातव्या जिल्ह्यात सार्वमत घेण्यात आले. मतदान पुरेसे न झाल्याने ते अवैध ठरले, पण घराघरांतली चीड त्यामुळे संपलेली नाही. शेजारच्या सहाव्या जिल्ह्यातल्या रहिवाशांनी तर २०२४ मध्ये पर्यटकांना अल्पकाळ भाड्याने घरे देण्याविरुद्ध कौल दिला आणि २०२६ पासून तिथे त्यावर बंदी आहे. तेराव्या जिल्ह्यात मार्गित पुलाजवळ किंवा नवव्या जिल्ह्यात वर्तुळमार्गालगत हॉटेल पाहा. ६ क्रमांकाची ट्राम दारातून जाते आणि खिडकी उघडी ठेवून झोपता येते.

सातव्या जिल्ह्यात आगाऊ पैसे भरून झाले असतील तर घरमालकाला आजच विचारा, की खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते की चौकात, आणि चौकात उघडत असेल तर खाली काय आहे. रात्री परतताना बोलणे रस्त्यावरच संपवून मग दरवाजा उघडा, कारण चौकात कुजबुजसुद्धा चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचते. आणि पहाटेच्या विमानाला निघाल तेव्हा बॅगेची चाके गांगच्या फरशीवरून ओढू नका, बॅग उचलून न्या.